घरगुती कार्यशाळेतील धूळ आणि नळीचा सांधा

लाकडावर काम करणारा मनुष्य दोन वस्तू एकाच वेळी निर्माण करीत असतो. एक त्याला हवी असलेली वस्तू आणि दुसरी नको असलेली धूळ. पहिलीकडे त्याचे सारे लक्ष असते. दुसरीकडे तो फारसे पाहत नाही. हाताने करवत व रंधा चालत होता तोपर्यंत ह्या दुर्लक्षाची किंमत मर्यादित होती, कारण हातकरवतीचा भुसा जाड असतो, तो पायाशी पडतो आणि संध्याकाळी केरसुणीने गोळा करता येतो. विजेची यंत्रे लहान कारागिराच्या घरात आली तेव्हा मात्र परिस्थिती बदलली. यंत्राचे पाते वेगाने फिरते, घासयंत्राची चकती त्याहून बारीक चूर्ण करते आणि हे चूर्ण जमिनीवर न पडता हवेत राहते. म्हणून ज्याच्या घरात लाकडाचे यंत्र आहे त्याच्या घरात धूळ ओढून घेण्याची काही व्यवस्था असणे आवश्यक ठरते. ही व्यवस्था बहुधा यंत्र कमजोर असल्यामुळे फसत नाही; ती फसते नळी आणि यंत्र यांच्या सांध्यापाशी. त्या सांध्याचा विचार हाच ह्या प्रकरणाचा विषय आहे.

म्हैसूरचे जडावकाम

ह्या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी म्हैसूरचे उदाहरण उपयुक्त आहे. शिसवी लाकडातील जडावकामासाठी हे शहर प्रसिद्ध आहे. १८९७ मध्ये जुना लाकडी राजवाडा जळाल्यावर हेन्री अर्विन ह्या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार जो नवा अंबाविलास राजवाडा १९१२ मध्ये पूर्ण झाला, त्याच्या दारांवर हस्तिदंती जडावाचे नमुने आजही पाहता येतात. पुढे हस्तिदंताचा वापर थांबला. १९८६ मध्ये भारतीय हत्तींच्या आणि १९९१ मध्ये आफ्रिकी हत्तींच्या हस्तिदंताच्या व्यापारावर कायद्याने बंदी आली. त्यानंतर चित्रातील रंग मुख्यतः लाकडांच्या स्वाभाविक रंगांतूनच साधले जाऊ लागले. काळसर शिसवी पार्श्वभूमीवर फणसाचा पिवळा, आंब्याचा फिका तपकिरी आणि इतर पांढरट लाकडांचे तुकडे बसवून निसर्गदृश्ये, हत्ती आणि देवादिकांची चित्रे तयार होतात. म्हैसूरच्या ह्या जडावकामाला भौगोलिक निर्देशांकाची नोंदही मिळाली आहे.

कामाची रीत थोडक्यात अशी. कागदावरील चित्राचे भाग वेगवेगळ्या लाकडांच्या पातळ चकत्यांवर उतरवून बारीक पात्याच्या करवतीने कापतात. शिसवी फळीत तेवढ्याच आकाराचे खोलगट घर पटाशीने कोरतात, तुकडे सरसाने बसवितात आणि सरस वाळल्यावर सगळा पृष्ठभाग घासून एकसारखा करतात. शेवटी लाखेचे पॉलिश चढते. ह्यांपैकी घासणे हा टप्पा सर्वांत अधिक आणि सर्वांत बारीक धूळ निर्माण करतो. अनेक कारागीर हे काम राहत्या घरातच, किंवा घराला लागून असलेल्या खोलीत करतात. तेथे धूळ केवळ कारागिराच्या नाकात जात नाही; ती अंथरुणावर, पाण्याच्या भांड्यावर आणि शेजारी अभ्यास करणाऱ्या मुलाच्या वहीवरही बसते.

जडावकामात धुळीचा आणखी एक उपद्रव आहे आणि तो थेट कलेशी संबंधित आहे. शिसवी लाकडाची काळपट भुकटी घासण्याच्या वेळी शेजारच्या फिक्या लाकडाच्या रंध्रांत शिरते. तिच्यावर पॉलिश चढले की फणसाचा स्वच्छ पिवळा रंग मळकट दिसू लागतो. जी धूळ घासतानाच उचलली जाते ती रंध्रांत दाबली जात नाही. म्हणजे धूळ ओढण्याची चांगली व्यवस्था कारागिराच्या छातीचे रक्षण करते आणि त्याच्या चित्राचेही.

भुसा आणि धूळ यांतील भेद

भुसा आणि धूळ हे एकाच पदार्थाचे दोन प्रकार असले तरी त्यांचे वागणे अगदी वेगळे आहे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. लाकडाचा १०० मायक्रॉनचा कण उभ्या माणसाच्या नाकाच्या उंचीवरून सोडला तर स्थिर हवेत तो काही सेकंदांत जमिनीवर येतो. ५ मायक्रॉनच्या कणाला तेवढेच अंतर उतरायला सुमारे अर्धा तास लागतो आणि १ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास. खोलीतील हवा कधीच पूर्ण स्थिर नसल्यामुळे प्रत्यक्षात हा काळ आणखी लांबतो. कारागीर यंत्र बंद करून जेवायला बसतो तेव्हा डोळ्यांना खोली स्वच्छ दिसते. परंतु सर्वांत घातक कण तेव्हाही हवेतच असतात. मोठे कण नाकाच्या आतील ओलसर त्वचेवर अडकतात. सुमारे १० मायक्रॉनहून लहान कण घशाखाली उतरू शकतात आणि त्यांतील सर्वांत बारीक कण फुफ्फुसांच्या तळापर्यंत पोचतात.

ह्या धुळीचे परिणाम वैद्यकशास्त्राला बऱ्याच वर्षांपासून माहीत आहेत. इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्या व फर्निचर बनविण्यासाठी प्रसिद्ध होते. १९६० नंतरच्या दशकात एस्मे हॅडफील्ड ह्या शल्यचिकित्सक महिलेच्या लक्षात आले, की नाकाच्या आतील एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग तेथील फर्निचर कामगारांत आश्चर्य वाटावे इतक्या वेळा आढळतो. डोनाल्ड अॅचेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. ओक आणि बीच यांसारख्या कठीण लाकडांच्या धुळीशी ह्या रोगाचा संबंध जोडला गेला. धुळीशी पहिला संबंध आणि रोगाचे निदान यांत कित्येक दशकांचे अंतर असे. म्हणूनच तो संबंध इतका उशिरा ध्यानात आला. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या वर्गात केला.

शिसवाच्या जातीच्या लाकडांत ह्याखेरीज त्वचेला व श्वासनलिकेला क्षोभ आणणारी द्रव्ये असतात. काही माणसांना त्यांच्यामुळे खाज, पुरळ, सततच्या शिंका किंवा दम्यासारखा त्रास होतो. एकदा शरीराला अशी संवेदनशीलता आली, की पुढे अगदी थोडी धूळही पुरेशी होते. तेव्हा ज्याचा चरितार्थ शिसवी लाकडावर चालतो त्याच्यासमोर आपला धंदा की आपला श्वास, अशी निवड उभी राहते.

फुंकणे आणि ओढणे

धूळ पकडण्याचे तत्त्व समजण्यासाठी हवेचा एक साधा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. पेटती मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकर मारून विझविता येते. परंतु त्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती कोणालाही विझविता येणार नाही. फुंकलेली हवा झोताच्या रूपाने सरळ जाते. तोंडाच्या व्यासाच्या तीसपट अंतरावरही तिच्यात मूळ वेगाचा सुमारे दहावा हिस्सा शिल्लक असतो. ओढलेली हवा मात्र सर्व दिशांनी गोळा होत येते, आणि त्यामुळे तोंडापासून दूर जाताच तिचा वेग कोसळतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या उघड्या नळीत हवेचा वेग सेकंदाला २० मीटर असेल, तर तोंडासमोर १०० मिलिमीटरवर तो सुमारे दीड मीटर उरतो, २०० मिलिमीटरवर अर्ध्या मीटरहूनही कमी होतो आणि ३०० मिलिमीटरवर तो जवळजवळ जाणवतही नाही.

ह्याच तत्त्वावर आधुनिक सफाईयंत्राचा जन्म झाला. १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ ह्या अभियंत्याने धूळ फुंकून उडविण्याऐवजी ती ओढून गाळण्यात अडकविण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली. पण बूथच्या यंत्राचे तोंड गालिच्याला टेकलेले असे. लाकडाच्या यंत्रावर ते टेकविण्याची सोय नसेल तर कितीही सामर्थ्यवान यंत्र व्यर्थ ठरते. म्हणून पहिला नियम असा सांगता येईल: नळीचे तोंड धूळ जेथे जन्मते त्या जागेला जितके भिडविता येईल तितके भिडवावे, आणि त्या जागेभोवती शक्य तितके आच्छादन करावे. नळी दुप्पट जवळ नेली की जो लाभ होतो तो दुप्पट शक्तीची मोटर घेऊनही होत नाही.

दोन प्रकारची शोषणयंत्रे

घरगुती कार्यशाळेत दोन प्रकारची यंत्रे दिसतात आणि त्यांचा गुणधर्म एकमेकांच्या उलट असतो. व्हॅक्यूम क्लीनरची ओढ जबर असते, पाण्याच्या स्तंभात मोजली तर सुमारे दोन मीटर. परंतु तो मिनिटाला जेमतेम दोन घनमीटर हवा हलवितो. पंख्याचे धूळशोषक यंत्र मिनिटाला दहा ते वीस घनमीटर हवा ओढते. पण त्याची ओढ पाण्याच्या स्तंभात वीत सव्वा वीतच भरते. पहिले बारीक नळीतून जोराने ओढणारे आहे, दुसरे रुंद नळीतून पुष्कळ ओढणारे आहे.

ह्यावरून जोडणीचा दुसरा नियम निघतो. हातातल्या घासयंत्राचे निर्गम तोंड लहान, सुमारे तीस मिलिमीटरचे असते. त्याला व्हॅक्यूम क्लीनर योग्य. पट्टाकरवत, रंधायंत्र आणि चकतीचे मोठे घासयंत्र यांना पंख्याचे शोषक योग्य. अनेकदा नेमके उलटे केले जाते. पंख्याच्या शोषकाची १०० मिलिमीटरची नळी निमुळती करीत घासयंत्राच्या बारीक तोंडाला जोडली जाते आणि मग यंत्र ओढत नाही अशी तक्रार होते. यंत्राचा त्यात काही दोष नसतो. तेवढ्या अरुंद वाटेतून हवा खेचण्याइतकी ओढ त्या पंख्यात मुळातच नसते.

नळीचा व्यास

नळीतून जाणाऱ्या हवेचे मान म्हणजे नळीचे छेदक्षेत्र आणि हवेचा वेग यांचा गुणाकार. १०० मिलिमीटरच्या नळीत सेकंदाला २० मीटर वेग राखायचा असेल तर मिनिटाला सुमारे साडेनऊ घनमीटर हवा लागते. हा वेग महत्त्वाचा आहे, कारण तो पुष्कळ कमी झाला तर लाकडाच्या ढलप्या नळीच्या तळाशी बसतात आणि हळूहळू नळी तुंबते. म्हणून व्हॅक्यूम क्लीनरला मोठी नळी जोडणेही चूकच ठरते. त्याची दोन घनमीटर हवा ३२ मिलिमीटरच्या नळीत जोमाने धावते. १०० मिलिमीटरच्या नळीत ती रेंगाळते.

उलट दिशेने पाहिले तर व्यास निम्मा करणे फार महाग पडते. व्यास निम्मा झाला की छेदक्षेत्र चौथाई होते. तेवढीच हवा न्यायची तर वेग चौपट लागतो आणि घर्षणामुळे होणारा ओढीचा नाश सुमारे बत्तीसपट वाढतो. वळ्यांची लवचीक नळी गुळगुळीत नळीपेक्षा दुप्पट-तिप्पट ओढ खाते. म्हणून लांबचा मार्ग गुळगुळीत पीव्हीसी पाइपाचा करावा आणि लवचीक नळी यंत्रापाशी हालचालीला लागेल तेवढीच, हात-दोन हात ठेवावी. काटकोनी वळणाऐवजी पंचेचाळीस अंशांची दोन वळणे घ्यावीत, आणि फाटा काढायचा तर तो नदीला उपनदी मिळते तसा, प्रवाहाच्या दिशेने तिरका मिळवावा.

सांध्याची मापे

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. घरगुती यंत्रे निरनिराळ्या देशांत बनतात. एखाद्या यंत्राचे निर्गम तोंड अडीच इंची असते, दुसऱ्याचे चार इंची, तिसऱ्याचे १०० मिलिमीटर, आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीचे माप तर प्रत्येक कंपनीचे निराळे. त्यात भर म्हणजे लवचीक नळीचे माप आतल्या व्यासाने सांगितले जाते, तर आपल्याकडील पीव्हीसी पाइपाचे माप बाहेरच्या व्यासाने. म्हणून दुकानातून केवळ सांगीव मापावर आणलेल्या दोन वस्तू एकमेकींत बसतीलच असे नाही.

माप घेण्याची खात्रीची पद्धत सोपी आहे. कागदाची पट्टी तोंडाभोवती गुंडाळून परीघ मोजावा आणि त्याला ३.१४ ने भागावे. परीघ २०० मिलिमीटर भरला तर व्यास सुमारे ६३.७ मिलिमीटर, म्हणजेच अडीच इंच. येथे एक सुखद योगायोग उपयोगी पडतो. बाजारात मिळणाऱ्या ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपावर अडीच इंची लवचीक नळी सहज चढते. चार इंची मापात मात्र असा योग नाही. ११० मिलिमीटरचा पाइप चार इंची नळीत जात नाही. पण पाइपाच्या भिंतीची जाडी वजा जाता त्याचा आतला व्यास १०५ मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे यंत्राचे १०० मिलिमीटरचे तोंड त्याच्या आत जाते. मधली पोकळी रबरी पट्टी किंवा चिकटपट्टीचे वेढे देऊन भरून काढता येते.

ज्या घरात एकच शोषणयंत्र तीन-चार यंत्रांना आळीपाळीने जोडायचे असते तेथे तिसरा आणि सर्वांत उपयुक्त नियम लागू पडतो: घरापुरते एक माप ठरवावे. प्रत्येक यंत्राच्या तोंडावर त्या मापाला आणणारी जोडनळी एकदाच कायमची बसवावी आणि फिरत्या नळीच्या टोकाला एकच मुसके ठेवावे. मग नळी एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर लावायला निमिषभर पुरते. ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी अनुभवी कारागिराला तिचे मोल कळेल, कारण ज्या नळीला जोडायला पेचकस शोधावा लागतो ती नळी घाईच्या दिवशी जोडलीच जात नाही.

जोडनळी तयार करण्याच्या रीती

लाकूडकाम करणाऱ्याला जोडनळी विकत घेण्याची गरज क्वचितच पडते. प्लायवुडच्या कड्या कापून एकावर एक सरसाने चिकटविल्या आणि आतून घासून किंचित निमुळत्या केल्या की उत्तम कॉलर तयार होते. सावंतवाडीची किंवा चन्नपट्टणची लाकडी खेळणी जशी कातावर उतरतात तशी ती कातावरही काढता येते. निमुळतेपणा अगदी थोडा, एक-दोन अंशांचा असावा. तेवढ्याने नळीचे टोक हाताने दाबताच घट्ट बसते आणि किंचित पिळताच सुटते.

दोन विषम मापांच्या नळ्या कायमच्या जोडायच्या असतील तर दुचाकीच्या जुन्या ट्यूबचा तुकडा हे सर्वांत स्वस्त साधन होय. ट्यूब दोन्ही टोकांवर ताणून चढवावी आणि दोन्हीकडे पोलादी क्लिपा आवळाव्यात. रबर फरक सामावून घेते आणि यंत्राची थरथरही पाइपात जाऊ देत नाही. मात्र हा तुकडा आखूड असावा. लांब तुकडा ओढीने आत चिपकतो. व्यासात मोठा फरक असेल तेथे पायरी न ठेवता नरसाळ्यासारखा उतार द्यावा. पीव्हीसी गरम करून त्याचे तोंड फुगविण्याची युक्ती आपल्याकडील नळकाम करणाऱ्यांना परिचित आहे. ती करताना पाइप मऊ होईल इतकाच तापवावा, करपू देऊ नये. करपलेल्या पीव्हीसीतून घातक वायू निघतो.

सांध्यात कोणते टोक कशात घालायचे ह्यालाही महत्त्व आहे. कौले जशी वरच्याचे टोक खालच्यावर येईल अशी रचतात, म्हणजे पाणी सांध्यात न शिरता वाहून जाते, तशीच येथेही रचना हवी. यंत्राकडून येणारी नळी पुढच्या नळीच्या आत गेली पाहिजे. उलट केल्यास आत एक कड तयार होते, तिच्यावर रंध्याच्या लांब साली अडकतात आणि काही दिवसांत तेथे बोळा बसतो. आत डोकावणारा स्क्रूदेखील हेच काम करतो. लवचीक नळीच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. तिच्या अंगावरचा तारेचा वेढा तिरका असतो आणि क्लिप सरळ गोल असते. म्हणून क्लिप वेढ्याला जेथे ओलांडते तेथे फट राहते. क्लिपेखाली ट्यूबच्या रबराची पट्टी गुंडाळली की ती फट बुजते.

यंत्रागणिक योजना

पट्टाकरवतीत भुसा पाते जेथे टेबलाच्या खाली उतरते तेथे निर्माण होतो. कारखान्याने दिलेले तोंड मात्र अनेकदा खूप खाली, खालच्या चाकाच्या पेटीत असते. टेबलाच्या लगत खाली एक लहान तोंड जास्तीचे बसविले तर बराच फरक पडतो. बारीक पात्याच्या यांत्रिक करवतीवरही हेच लागू आहे. तेथे चित्राची रेघ दिसावी म्हणून भुसा फुंकणारी नळी असते. ती धूळ थेट कारागिराच्या तोंडाकडे उडवीत नाही ना, हे पाहावे आणि शक्य असल्यास समोरून ओढणारी नळी लावावी.

जडाव केलेली फळी काचकागदाने हाताने घासण्यासाठी छिद्रांच्या पृष्ठभागाची पेटी उपयुक्त आहे. ४५ बाय ६० सेंटिमीटरची उथळ पेटी करून वर भोके पाडलेली फळी ठेवावी आणि तळाला १०० मिलिमीटरची नळी जोडावी. मिनिटाला १२ घनमीटर हवा ओढणारे यंत्र त्या पृष्ठभागावर सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास वेग देते. धूळ खाली ओढण्यास एवढा वेग पुरतो. तीच पेटी व्हॅक्यूम क्लीनरला जोडली तर वेग त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकाच पडतो आणि पेटी निरुपयोगी ठरते. तिन्ही बाजूंना हातभर उंचीचे आडोसे लावल्यास हवा नको त्या दिशेने येत नाही.

व्हॅक्यूम क्लीनरपूर्वी झाकणाचा डबा ठेवून त्यात भुसा पाडण्याची पद्धत चांगली आहे. हवा डब्यात कडेने आत आली की ती गोल फिरते, जड कण भिंतीला लागून खाली पडतात आणि गाळणी लवकर भरत नाही. डबा मात्र मजबूत हवा. नळी तुंबल्यास तीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर सुमारे १४० किलोचा भार येऊ शकतो; रंगाची पातळ प्लॅस्टिकची बादली अशा वेळी चेपते.

गळतीची परीक्षा

ओढणाऱ्या नळीतील गळतीचे वैशिष्ट्य असे, की ती दिसत नाही. पाण्याचा नळ गळला तर थेंब दिसतो. येथे बाहेरची हवा आत शिरत असल्यामुळे सांध्यापाशी कणभरही धूळ पडत नाही. सांधा स्वच्छ दिसतो आणि तोच ओढ चोरीत असतो. पंख्याच्या पुढच्या बाजूची गळती उलट असते. तेथे हवा बाहेर ढकलली जाते आणि सर्वांत बारीक धूळ खोलीत येते. पहिली गळती यंत्राला दुबळे करते, दुसरी हवेला दूषित करते.

परीक्षेसाठी सुताचा हलका धागा पुरेसा आहे. यंत्र चालू ठेवून तो प्रत्येक सांध्याभोवती फिरवावा. जेथे तो आत खेचला जातो तेथे फट आहे. म्हैसूर उदबत्तीचे शहर आहे आणि उदबत्तीचा धूर तर धाग्याहूनही संवेदनशील. परंतु तो प्रयोग नळी आणि पिशवी पूर्ण रिकामी करूनच करावा आणि जळते टोक ओढणाऱ्या तोंडाजवळ कधीही नेऊ नये. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून, तिच्यात रंगीत पाणी भरून आणि तिचे एक टोक मुख्य नळीच्या छिद्राला लावून ओढ मोजताही येते. पंख्यापासून दूरच्या टोकापर्यंत ठिकठिकाणी वाचन घेतले, की ओढ कोठे हरवते ते नेमके कळते.

गाळणी, बाहेरची हवा आणि आग

ओढलेली धूळ शेवटी कोठे जाते हा प्रश्न राहतो. जाड कापडाची साधी पिशवी मोठा भुसा अडविते; पण तिच्या विणीतून सर्वांत बारीक धूळ पार होऊन खोलीभर पसरते. अशी व्यवस्था नसण्यापेक्षाही वाईट होय, कारण जमिनीवर पडली असती ती धूळही ती हवेत मिसळते. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडविणारी गाळणी व्हॅक्यूम क्लीनरला बसविता येते. थंड देशांत तापविलेली हवा बाहेर सोडणे परवडत नाही म्हणून ती गाळून पुन्हा खोलीत घ्यावी लागते. म्हैसूरचे हवामान सौम्य असल्यामुळे येथे पंख्याची हवा सरळ बाहेर सोडता येते. मात्र ती शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊ नये, आणि जितकी हवा बाहेर जाते तितकी आत येण्यासाठी समोरची खिडकी उघडी असावी.

कोरडी लाकडी धूळ पेट घेते, हेही विसरून चालणार नाही. लोखंड घासण्याचे यंत्र ह्या नळीला कधीही जोडू नये. एक ठिणगी पिशवीत तासन् तास धुमसू शकते. प्लॅस्टिकच्या नळीवर घर्षणाने स्थिर वीज साठते. नळीच्या वेढ्याची तार टोकाला उघडी करून यंत्राच्या धातूच्या, भूसंपर्क दिलेल्या भागाला जोडावी. दिवसाच्या शेवटी पिशवी रिकामी करून भुसा घराबाहेर ठेवावा.

उपायांचा क्रम

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या चौदाव्या कलमाने धूळ तिच्या उगमापाशीच ओढून घ्यावी हे तत्त्व भारतीय कायद्यात मांडले. परंतु विजेच्या यंत्रांसह किमान दहा कामगार असलेल्या जागांनाच तो अधिनियम सामान्यतः लागू होई. घरात बसून काम करणारा कारागीर आणि त्याच्याबरोबर घासकाम करणारी त्याची माणसे त्या संरक्षणाच्या बाहेर राहिली. तेथे निरीक्षक येत नाही; घरातल्या माणसानेच निरीक्षक व्हावे लागते.

ज्याच्याजवळ पैसा थोडा आहे त्याने पुढील क्रम पाळावा. प्रथम नळीचे तोंड धुळीच्या उगमाला भिडवावे. मग सांधे एका मापाचे करून गळती बंद करावी. त्यानंतर नळीची अनावश्यक लांबी आणि वळणे कमी करावी. मग गाळणी सुधारावी. ह्या चारही गोष्टी झाल्यानंतरच मोठे यंत्र घेण्याचा विचार करावा. बहुधा त्याची गरज उरत नाही. नाकावरची जाळीदार मुखपट्टी ह्या सर्वांच्या जोडीला हवी, त्यांच्या ऐवजी नव्हे. कारण ती फक्त एकाच माणसाचे रक्षण करते. सुटीच्या दिवशी कोरड्या केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने खोली पुसावी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच फडके पुन्हा खिडकीच्या कठड्यावरून फिरवावे. त्यावर उमटणारा रंग हा सांध्यांच्या दर्जाचा सर्वांत प्रामाणिक दाखला होय.